ज्याची भीती, ते काम आधी

मी जिनिंगचा मिस्त्री होतो हे नव्या माणसाला कळलं, की तो आधी माझ्या हातांकडं बघतो. दहाही बोटं जागेवर आहेत हे बघून त्याची थोडी निराशा होत असावी. जिनिंगचा जुना मिस्त्री म्हटलं की एखादं बोट कमी असायचंच, असा आमच्या भागात समज आहे आणि तो फारसा खोटाही नाही. "मिस्त्री, तुमची बोटं शाबूत कशी?" असं कुणी विचारलंच, तर मी खरं ते सांगून टाकतो. मी भित्रा आहे. कामावर होतो तेव्हा होतो आणि आता घरी बसलो तरी आहे. शेजारी कुणाचं दूध उतू जाऊन करपलं तर मी ताटावरून उठतो, घरभर वास घेत फिरतो आणि मग बायकोची बोलणी खात परत ताटावर बसतो.

सेलूकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये माझी सगळी नोकरी झाली. ज्यांनी जिनिंग फक्त रस्त्यावरून पाहिली, त्यांना भिंतीमागं पांढरे डोंगर दिसतात आणि वाटतं, काय मऊ धंदा आहे. आत या. शेतकऱ्याचा कापूस टेम्पोतून येतो, अंगणात त्याचा ढीग लागतो. ढिगावर बायका बसतात आणि कापसातला पाला, किडकी बोंडं, काडीकचरा निवडतात. निवडलेला कापूस मोठ्या पाइपातून हवेच्या ओढीनं मशीनवर चढतो. मशीनमध्ये चामड्याचे रोलर आणि पोलादी सुऱ्या असतात. रोलर धागा ओढतात, सुरी सरकीला अडवते. सरकी खाली पडते, रुई पुढं जाते. मग त्या रुईची प्रेसमध्ये दाबून गाठ बांधायची. एवढाच धंदा. पण दिवसभर चामडं पोलादावर घासत असतं आणि त्या दोघांच्या मधून जाते ती रुई. घरात निरांजनाला वात लागते ना, तीच रुई. आमच्याकडं ती छतापर्यंत साठलेली असायची.

हे काम मला गफूरचाचांनी शिकवलं. ते माझ्या आधीचे मिस्त्री. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत जुन्या भाजण्यानं आकसलेला होता, आणि तो कसा भाजला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गोदामात नेलं. गाठींच्या रांगेतून ते एकेका गाठीवर तळहात ठेवत चालले होते. एका गाठीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "हात लगा."

मी हात लावला. गाठ कोमट होती. म्हणजे फार नाही, उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखी. पण ती तर गोदामाच्या सावलीत होती.

चाचांनी आवाज न करता चार माणसं बोलावली आणि गाठ लोटत लोटत मागच्या मोकळ्या रानात नेली. बाकीचे हसत होते, कारण ना धूर, ना वास. चाचांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि गाठीच्या पट्ट्या तोडल्या. गाठ उकलली. आत काळं होतं. वारा लागला तसं ते काळं लाल झालं आणि आम्ही पाण्याच्या बादल्या उचलेपर्यंत सगळी गाठ पेटली. केव्हातरी मशीनमध्ये एक ठिणगी पडली असेल, कुणाला दिसली नसेल, ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली आणि आतल्या आत खात बसली. गोदामात त्या गाठीच्या डाव्या-उजव्या बाजूला किती गाठी होत्या ते मी मनात मोजत राहिलो.

चाचा म्हणाले, "शेषराव, कापूस को आवाज नै. दूसरे काम चिल्लाते. बेल्ट टूटा तो चिल्लाता, शेठ तो चिल्लाताच. जो काम चुप बैठा, उसकू ढूँढना. सुबू उठके पैले ये देख, आज किसका डर लगरा. जिसका डर, वो काम पैले."

हे एवढं एक वाक्य घेऊन मी पुढची सगळी वर्षं काढली.

हंगामात सकाळी मी गेटमधून आत आलो की माणसं मला घेरायची. प्रेसमधून तेल गळतंय. बेल्ट ढिला पडलाय. टेम्पोंची रांग रस्त्यावर गेलीय आणि पोलीस ओरडायलेत. शेठचं ठरलेलं एकच वाक्य असायचं, "मिस्त्री, लॉरी भरायची आहे." मी कुणाला काही उत्तर द्यायचो नाही. चहाचा ग्लास हातात घ्यायचा आणि जिनिंगला एकट्यानं एक फेरी मारायची, ही माझी पद्धत. त्या फेरीत माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हे हळूहळू सगळ्यांना माहीत झालं. ढीग बघायचा, मशीनचे आवाज ऐकायचे, गोदामात गाठींवरून हात फिरवायचा आणि स्वतःला विचारायचं, आज पोटात गोळा कुठं येतोय? ज्या जागी चहा घशाखाली उतरायचा नाही, ते त्या दिवसाचं काम. मग मी परत येऊन ते एकच काम मोठ्यानं सांगायचो. ते संपल्याशिवाय दुसरं नाही.

आता गंमत अशी, की हे काम बहुतेक वेळा अगदीच क्षुल्लक दिसायचं. "आज पहिल्यांदा मोटारींवर बसलेली रुईची धूळ झाडायची." रस्त्यावर टेम्पोवाले हॉर्न वाजवून जीव खायलेत आणि मिस्त्री हातात झाडू घेऊन मोटारी झाडतोय! शेठला वाटायचं, आपण मिस्त्रीच्या पगारात झाडूवाला ठेवलाय. एकदा तर मी सांगितलं, "आजचं काम, शेजारच्या मंगल कार्यालयात जाऊन नवरीच्या बापाला भेटायचं." तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नं सुरू झालेली. कार्यालयाची आणि आमची भिंत एक. भिंतीच्या अलीकडं कापसाचा ढीग आणि पलीकडं वरातीचे फटाके. सकाळी फेरी मारताना भिंतीपलीकडं मला फटाक्यांची खोकी उतरताना दिसली होती. मी जाऊन त्या माणसाचे अक्षरशः पाय धरले. तो भला निघाला. म्हणाला, "फटाके वाजवीत न्हाई, पण तुमी जेवायला यायचं." मी जेवायला गेलो, पण पोरांचा भरवसा काय? सगळी वरात होईस्तोवर नवरदेवाच्या घोड्याशेजारी पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो. लग्नाच्या व्हिडिओत मी आहे म्हणतात.

पण या धंद्याचं एक वाईट आहे. तुम्ही बरोबर काम निवडलं तर काहीच घडत नाही. आणि जे घडलंच नाही ते कुणाला दाखवणार? त्यामुळं मी हुशार होतो की नुसता भेकड, याचा निकाल कधी लागला नाही. एकदा लागता लागता राहिला. तेच सांगायला ही लेखणी हातात घेतली.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस जोरात येत होता. दुपारच्या पाळीत मी प्रेसपाशी होतो, आणि मशीनकडून टक् असा एक कोरडा आवाज आला. पाठोपाठ बायकांचा ओरडा. मी पळालो तोवर रोलरवरून ज्वाळा उठून रुईच्या पट्ट्यावरून पुढं धावत होती. पाण्यासारखी धावते ती, पण वरच्या दिशेला. चंद्रकलाबाई म्हणून निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती, तिनं पहिली वाळूची बादली ओतली. मी वीज तोडली. माणसांनी पाणी मारलं. आग विझली. कुणाला काही झालं नाही, चंद्रकलाबाईचा पदर तेवढा करपला. त्या वेळची सगळी रुई आम्ही बाहेर काढून रानात पसरली आणि तिच्यावर पाणी ओतलं. सगळे हसायला लागले. माणसं वाचली की हसतात. मी मात्र सुरीखालचा कचरा चाळत बसलो होतो.

त्यात मला खडा सापडला. लिंबाएवढा असेल, दोन तुकडे झालेला. तुकड्यांवर चुना होता आणि चुन्यावर कुंकू.

आमच्याकडं कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादई करतात. बांधाजवळ पाच खडे मांडायचे, त्यांना चुना लावायचा, कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. हे पाच पांडव. त्यांना हात जोडल्याशिवाय बाई बोंडाला हात लावत नाही. पुष्कळ घरांत आता हे बंद पडलंय, पण पुष्कळ घरांत अजून आहे. त्यातला एक पांडव आमच्या मशीनमध्ये आला होता. लोखंडाचा तुकडा असता तर वाटेतल्या चुंबकानं धरला असता. नुसता दगड असता तर जड म्हणून पाइपातून खाली गळाला असता. पण या खड्याला कापसाचे धागे गुंडाळलेले होते. कुणीतरी तो जपून, कापसात लपेटून ठेवला होता, म्हणून तो मजेत हवेबरोबर वर चढला आणि सुरीवर आपटून ठिणगी पडली.

चंद्रकलाबाई वाकून बघत म्हणाली, "थोराड हाय. भीमच आसंल." बायका परत हसल्या.

मला हसू येईना. मला एवढंच दिसत होतं की पांडव पाच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारायची गरजच नव्हती. चहाचा पहिला घोटच उतरला नाही. प्रेसमधून तेल गळत होतं, लॉरी अर्धी भरून उभी होती, टेम्पोंची रांग पार वळणापर्यंत गेली होती. मी सांगितलं, "सगळी मशीन बंद. आजचं काम, अंगणातला ढीग हातानं उकलायचा. चार खडे शोधायचे."

शेठ ऑफिसातून बाहेर आले. ते वाईट माणूस नव्हते, पण ऐन हंगामात बंद मशीनचा आवाज ज्याला सहन होतो तो जिनिंगवाला नव्हे. म्हणाले, "मिस्त्री, एक खडा आला म्हणजे पाची आले असं कुठं आहे?"

"नसतील आले तर बरंच आहे. पण आले असतील तर?"

"तर काल विझवली तशी विझवू."

मी ढिगाकडं बोट केलं. ढिगाच्या अंगाखांद्यावर चंद्रकलाबाईच्या बायका चढून बसलेल्या होत्या. जेवण झालं की त्या तिथंच कलंडायच्या. कालची आग शेडमध्ये होती, हाताशी वाळू होती. शेडमधून एक पेटता पुंजका वाऱ्यानं अंगणात आला, तर त्या ढिगावरून एकही बाई खाली उतरू शकली नसती. कापसातून पळता येत नाही. पाय रुततात. शेठ तिकडं बघून म्हणाले, "दुपारपर्यंत. जेवणाची सुट्टी संपली की मशीन चालू."

ढीग काही एका शेतकऱ्याचा नव्हता, चार-पाच घरचा कापूस एकावर एक पडलेला होता. पण सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, ग्यानबा बापू. हे आमचं जुनं आणि विक्षिप्त गिऱ्हाईक. बापू स्वतःचा कापूस नवरीसारखा पाठवायचे, धुतलेल्या धोतरात बांधून, वर चादर टाकून. "माझ्या कापसात पाल्याचा कण दाखवा, मिशी उतरवतो," असं दरवर्षी म्हणायचे आणि मिशी दरवर्षी तशीच राहायची. त्यांच्या घरी सीतादई वाजतगाजत होते हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. आणि ते त्याच वेळी अंगणात काठी टेकून उभे होते.

शेठ त्यांना म्हणाले, "बापू, तुमचे देव तुमच्या घरी ठेवा. आमची जिनिंग जाळायला पाठवू नका. यापुढं तुमचा कापूस दुसरीकडं न्या."

बापूंचा चेहरा पडला. माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, तुमी बी असंच म्हणताव का?"

मी म्हणालो, "बापू, मला कुणाचा दोष काढायचा न्हाई. मला फक्त चार खडे पाहिजेत."

हे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं. ते ढिगाशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "मंग म्याबी हुडकतो."

सगळी सकाळ आम्ही तो डोंगर मूठमूठ करून उकलला. कापसात काय काय निघतं! एक खिळा, तंबाखूची पुडी, फुटकी बांगडी, लहान पोराच्या गाडीचं चाक. हाताला टणक काही लागलं की बाई "मिस्त्री!" म्हणायची आणि मी पळत जायचो. एकदा विटेचा लालभडक तुकडा निघाला, त्यालाच मी कुंकू समजलो. बापूंनी मध्येच घरी फोन लावला आणि सुनेला शेतात धाडलं. तिनं शेतातून परत फोन केला. बापूंनी तो मोठ्या आवाजावर ठेवून माझ्यापुढं धरला. "मामा, पाचीच्या पाची जागेवर हायत. फोटो धाडू का?" बापूंनी फोन बंद केला आणि माझ्याकडं न बघता परत कापसात हात घातला.

तुम्हाला वाटलं असेल, मला सुटल्यासारखं झालं. उलटं झालं. इतका वेळ मला निदान माहीत होतं, की खडे ढिगाच्या वरच्या थरात आहेत, कारण बापूंचा कापूस वर होता. आता ते कुठंही असू शकत होते. तळाशी असतील, कोपऱ्यात असतील, नाहीतर कालच पाइपातून वर चढून रोलरच्या तोंडाशी येऊन बसले असतील. आणि सुट्टी संपत आलेली. शेठ ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले होते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मशीन चालू झाल्यावर मी कुठं उभं राहायचं? वाळूपाशी, विजेच्या बटणापाशी, का बायकांपाशी? तिन्ही जागी एक माणूस उभा राहू शकत नाही.

घरी जेवायला जायचा प्रश्नच नव्हता. गाव जिनिंगपासून जवळच, म्हणून मी एरवी दुपारी घरी जायचो. मी बायकोला, सुमनला, फोन केला. "जेवायला येत न्हाई. कुंकवाचा एक खडा मशीनमधी आला काल. बाकीचे चार सापडंनात."

मी म्हणालो, "ऐकू आलं का?"

"ऐकू आलं," ती म्हणाली. "म्या येते."

"तू कशाला येतीस?" असं मी म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

ती रिक्षानं आली. आयुष्यात जिनिंगच्या गेटच्या आत पाऊल न टाकलेली बाई, गेटबाहेरच थांबली आणि मला हातानं बोलावलं. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. मी जवळ गेलो तेव्हा खाली बघत म्हणाली,

"शोधू नका. बाकीचे चार आपल्या बांधावरच हायत."

मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. आमचं थोडंसं रान आहे, त्यात कपाशी असते, आणि आमचाही कापूस परवा शेजाऱ्याच्या टेम्पोतून येऊन याच ढिगात पडला होता. सगळ्या तालुक्याच्या कापसाची मला भीती वाटत होती. माझ्या घरच्या कापसाची वाटली नव्हती. सकाळपासून मी सगळ्यांची नावं मनात घेतली, माझं घेतलं नाही.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला आनंदच झाला. मी गेटच्या कट्ट्यावर बसलो. चार खडे बांधावर आहेत! म्हणजे ढिगात नाहीत. मग राग आला. मग बापू आठवले.

मी आत गेलो. शेठ होते, चंद्रकलाबाई होती, बायका होत्या, आणि गुडघ्यापर्यंत कापसात बसलेले बापू होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खडा माझ्या घरचा आहे. बाकीचे आमच्या बांधावर आहेत. बापूंचा काही संबंध नाही."

बापू काठी टेकत उठले, कपड्यांवरचे धागे एकेक करून काढले आणि म्हणाले, "मिस्त्री, कापूस माझाच चोख म्हणायचो मी. पण तुमचा लयच चोख निघाला. देवासकट आला." मग चंद्रकलाबाई हसली, बायका हसल्या. बापूंच्या मिशीखालीही काहीतरी हललं. शेठ त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना चहाला आत घेऊन गेले. जाता जाता मला म्हणाले, "आता तरी चालू करा."

"थोडं थांबा," मी म्हणालो. "मी चारी खडे डोळ्यानं बघून येतो."

गेटपाशी उभ्या सुमनला ते ऐकू गेलं आणि लागलं. मोटारसायकलवर मागं बसताना म्हणाली, "माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"तुझ्यावर हाय. खड्यांवर न्हाई."

वाटेत डोक्यात भलभलतं येत होतं. मोरांनी उकरले असतील, गुराख्याच्या पोरांनी फेकले असतील, वेचणीच्या बायकांनी चुकून गाठोड्यात भरले असतील. आणि तिकडं शेठ माझी वाट न बघता बटण दाबतील. गाडी बांधाला लावली आणि मी जवळजवळ पळतच गेलो. बाभळीखाली चार खडे होते. चुना उडाला होता, कुंकू फिकं झालं होतं. रांगेतल्या दुसऱ्या, भीमाच्या जागेवर मातीत एक खोलगा होता. मी खाली बसून चारींना हात लावून बघितला. मग चंद्रकलाबाईला फोन करून सांगितलं, चालू करा म्हणून. फोनमधून मशीन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी तो कानाला धरून होतो.

मग माझा राग परत आला. "काय सुचलं गं तुला? खडा देवाला मांडायचा, का कापसात भरायचा? तिथं चाळीस बाया बसतात. जळून कोळसा झाल्या असत्या."

ती माझ्याकडं न बघता कपाशीकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता.

"मला काय ठावं तुमची मशीन कशी आसती ते? तुमी कधी सांगितलं? रोज सकाळी भाकर मोडताना तुमचा हात कापतो. तुमाला वाटतंय मला दिसत न्हाई. म्या म्हणलं, कापूस जितं जाईल तितं ह्ये आसत्यात. मंग भीमालाच धाडू त्यांच्यासंगं. एकट्यानं किती भ्यावं माणसानं?"

मी म्हणालो, "आगं, मी भितो ते कामासाठी. रोज सकाळी बघावं लागतं, आज सगळ्यात मोठं काम कोणतं. मग ते एकच धरायचं आणि बाकी सोडायचं. तसं केल्याशिवाय जिनिंग चालत न्हाई."

"तुमाला रोज नवं आसतंय," सुमन म्हणाली. "माझं लगीन झाल्यापासून एकच हाय. तुमी निघालाव की सेलूच्या बाजूला धूर दिसतोय का, तेवढं बघायचं. बाकीची कामं मंग व्हत्यात, न्हाई व्हत."

मी फोन खिशात ठेवला आणि सेलूच्या बाजूला बघितलं. ऊन होतं, आभाळ मोकळं होतं. तरी मी बराच वेळ तिकडंच बघत उभा राहिलो, तिच्या शेजारी.